बातमीसाठी नेलेला फोटो, बावीस वर्षं माझ्याकडेच

दंडोबा

दिवाळीच्या सफाईत माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढली. जुनी कात्रणं, प्रेसची ओळखपत्रं, बंद पडलेला टेपरेकॉर्डर, आणि तळाशी एका पाकिटात लग्नातला एक फोटो. नवरी खाली बघतेय, मुंडावळ्या, हातात हिरवा चुडा. मागच्या बाजूला माझ्याच अक्षरात तिचं नाव, गाव, आणि लाल पेन्सिलीने 'सिं. कॉ., फक्त महिला'.

तासगाव तालुक्यात मी नऊ वर्षं एका दैनिकाचा वार्ताहर होतो. तालुका वार्ताहर म्हणजे काय, ते या चर्चामंचावरच्या पुण्या-मुंबईकरांसाठी सांगतो. मानधन पेट्रोललाही पुरत नाही. अंकाची एजन्सी घरात. वर्धापनदिनाच्या जाहिराती गोळा करायच्या त्याही आपणच, आणि ज्या पुढाऱ्याकडून जाहिरात आणली त्याच्याच भाच्याच्या मारामारीची बातमी पण आपणच द्यायची. तेव्हा बातमी फॅक्सने जायची, आणि फोटो पाकिटात घालून सांगलीच्या एसटीच्या कंडक्टरकडे.

२००३ साल, द्राक्षाच्या छाटणीचे दिवस. एका गावात नवऱ्याने बायकोला मारलं. सांगलीहून निरोप आला, फोटो पाहिजेच, दुसऱ्यांकडे आहे असं ऐकतोय. मी तिच्या माहेरी गेलो. तासगावला शवविच्छेदन चाललेलं, मयत घरी यायचं होतं. तिची आई जोत्यावर बसलेली, शेजारी चार वर्षांची नात. मी म्हणालो, "मावशी, पेपरात फोटो आला की लोक जागे होतील, न्याय मिळंल." ती उठली, भिंतीवरची फ्रेम उतरवली, मागचे खिळे स्वतः काढले आणि फोटो माझ्या हातात दिला. मी म्हणालो, परवा आणून देतो.

फोटोचा आणि न्यायाचा काडीचा संबंध नाही, हे मला तेव्हाही माहीत होतं.

आठ दिवसांनी फोटो पेपरच्या गठ्ठ्याबरोबर परत आला. मी द्यायला गेलो नाही. आधी वेळ नव्हता, मग लाज वाटायला लागली. त्या गावावरून जायचं टाळून सावळजकडून वळसा घालून जायचो.

बातमीचं शीर्षक होतं, 'चारित्र्याच्या संशयावरून विवाहितेचा निर्घृण खून'. शीर्षक डेस्कने, म्हणजे कार्यालयातल्या उपसंपादकांनी, दिलं, त्यात माझा हात नव्हता.

आता जाऊन फोटो परत द्यावा का? बायको म्हणते, जा. मुलगा म्हणतो, उगाच खपल्या काढू नका. इथे बातमी देणारी आणि ज्यांच्या घरची बातमी झाली अशी, दोन्ही बाजूंची माणसं आहेत म्हणून विचारतोय.

भडंग

यात विचारायचं काय? ज्याची वस्तू त्याला द्यायची. गुमान जायचं, द्यायचं, यायचं.

वाईकरीण

गुमान जायचं इतकं सोपं नाही, भडंग.

२५ जानेवारी २००५ ला आमची काकू मांढरदेवीला गेली. शाकंभरी पौर्णिमा, काळूबाईची यात्रा. फुटलेल्या नारळांच्या पाण्याने पायऱ्या निसरड्या झालेल्या, चेंगराचेंगरी झाली, मग दुकानं पेटली, सिलिंडर फुटले. तीनशेच्या आसपास माणसं गेली. मराठीत चोवीस तास बातम्यांच्या वाहिन्या अजून यायच्या होत्या, पण हिंदीवर चालूच होतं. माझ्या आतेभावाने पडद्यावर जांभळं लुगडं ओळखलं. चेहरा नाही, लुगडं. आम्हाला ना पोलिसांचा फोन, ना देवस्थानाचा. आम्हाला टीव्हीने कळवलं.

आणि तेच चित्र रात्रभर. आजीला वाटायचं, अजून उचललं कसं नाही तिला? हे चित्र दुपारचं आहे, तेच तेच परत दाखवतायत, हे तिला समजावता समजावता आम्ही थकलो. ती म्हणायची, अगं थंडी पडली, कुणीतरी चादर टाका की.

पुढच्या वर्षी वर्षश्राद्धाला एक पत्रकार आला, 'एक वर्षानंतर' असं काहीतरी करायला. वागायला चांगला होता. आम्ही चहा दिला. तो गेल्यावर आजी दोन दिवस जेवली नाही.

दंडोबा, तुमच्याबद्दल राग नाही. पण तुम्हाला हलकं व्हायचंय, आणि त्यासाठी तुम्ही परत त्यांच्याच दारात जाणार. पहिल्यांदाही गरज तुमचीच होती, आत्ताही तुमचीच आहे.

कंदीपेढा

सगळे विकले गेलेत. पेपर वाचणं मी दहा वर्षांपूर्वीच सोडलं.

पान_लावणारा

कंदीपेढा, अंक बंद केलात तरी ही चर्चा वाचताय ना, मग बसा.

मी सव्वीस वर्षं डेस्कवर काढली, याच पट्ट्यात. तेव्हा डेस्कवर ढकललंय त्याचं उत्तर द्यायला हवं. 'चारित्र्याच्या संशयावरून' हा साचा आहे. 'किरकोळ कारणावरून', 'पूर्ववैमनस्यातून', 'अनैतिक संबंधातून', 'रक्ताच्या थारोळ्यात', हे सगळे साचे. रात्री तालुक्याचं पान छपाईला सोडायचं असतं, एकेका उपसंपादकासमोर चाळीस बातम्या, मापात बसेल ते शीर्षक उचललं जातं. विचार करून कुणी लिहीत नाही, आणि दुखणं तेच आहे. तीस वर्षं आम्ही मेलेल्या बाईचं चारित्र्य मोठ्या टायपात छापत आलो आणि मारणाऱ्याचा संशय हा जणू हवामानाचा अंदाज असल्यासारखा. पुरुषाचा खून झाला की त्याच्या चारित्र्याने सुरुवात झालेली मला आठवत नाही.

एक विचारू का दंडोबा? शीर्षक डेस्क देतं, मान्य. पण ते देतं बातमीच्या पहिल्या वाक्यावरून. तुम्ही लिहून पाठवलेल्या कॉपीत ते शब्द होते की नव्हते?

काळा_कोट

मिरजेत वकिली करतो. पान_लावणाऱ्यांच्या मुद्द्याला एक पुस्ती.

'संशय होता म्हणून मारलं' हे कोण सांगतं? आरोपी. कुणाला? पोलिसांना. पोलिसांसमोर दिलेली कबुली न्यायालयात आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. जुन्या पुरावा कायद्याचं कलम २५, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं २३. कारण साधं आहे, ती कशी घेतली गेली याची खात्री नसते. म्हणजे न्यायाधीश ज्याला हात लावत नाहीत ते विधान दुसऱ्या दिवशी सकाळी तुमचं शीर्षक होतं. खटला चार-पाच वर्षांनी उभा राहतो. तिथे कारण काहीतरी वेगळंच निघतं, जमीन, हुंडा, दारूला पैसे दिले नाहीत. ती बातमी आली तर आतल्या पानावर सहा ओळी.

नावाबद्दल. बलात्कार पीडितेचं नाव किंवा ओळख पटेल असं काहीही छापणं गुन्हा आहे. पूर्वी भादंवि २२८अ, आता भारतीय न्याय संहिता ७२. ती जिवंत नसली तरी हे लागू आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने निपुण सक्सेना खटल्यात डिसेंबर २०१८ मध्ये स्पष्ट केलं. त्याच वर्षी कठुआच्या मुलीची ओळख उघड केल्याबद्दल दिल्ली उच्च न्यायालयाने बारा माध्यमसंस्थांना प्रत्येकी दहा लाख भरायला लावले होते.

तुमच्या प्रकरणात मात्र कायदा तुम्हाला काहीच म्हणत नाही. खून झालेल्या बाईचं नाव, फोटो, गाव, सगळं छापता येतं. नंतर फोटो परत दिला नाही म्हणून कुणी तुमच्या मागे लागणार नाही. प्रेस कौन्सिलकडे गेलं तरी ती फार तर ताकीद देते, आणि तीही फक्त वृत्तपत्रं, वृत्तसंस्था आणि त्यांच्या पत्रकारांना. टीव्ही आणि यूट्यूब तिच्या कक्षेतच नाहीत.

दंडोबा

वाईकरीण, तुमचं दोनदा वाचलं. उत्तर नाही माझ्याकडे.

पान_लावणारा, कॉपीचं आता आठवत नाही. फॅक्सची प्रत काही ठेवलेली नाही.

बूमवाला

मी यूट्यूबवाला, म्हणजे तुमच्या सगळ्यांच्या मते पाप. तरी लिहितो.

२० जून २०२२ ला मिरजेजवळच्या म्हैसाळला पोचलेल्या पहिल्या काहींत मी होतो. दोन भावांची दोन घरं, नऊ माणसं मेलेली. चिठ्ठ्या सापडल्या, त्यात सावकारांची नावं. पोलिसांनी सावकारांवर गुन्हे दाखल केले, धरपकड सुरू झाली. आम्ही सगळ्यांनी एकच लावलं: 'सावकारीला कंटाळून सामूहिक आत्महत्या'. मी वर 'आख्खं कुटुंब संपलं' असं लाल अक्षरात टाकलं. भिंतीपलीकडून शेजाऱ्याचा रडण्याचा आवाज येत होता, तो मी मुद्दाम ठेवला.

आठवड्याने पोलीस म्हणाले, आत्महत्या नाही, विष घालून मारलंय. दोघांना अटक झाली, गुप्तधनाचं प्रकरण पुढे आलं. मी नवा व्हिडिओ केला. पहिला लोकांनी जितका पाहिला त्याच्या चौथाईही नवा पाहिला नाही. आणि पहिला मी काढलेला नाही. काढला तर चॅनेल बसतं, हेच खरं कारण. आजही कुणी म्हैसाळ शोधलं तर आधी माझं खोटं सापडतं.

पण मला सांगा, पोलीस आत्महत्या म्हणतायत, चिठ्ठी आहे, मग त्या दिवशी मी वेगळं काय लिहायला हवं होतं?

पान_लावणारा

'म्हैसाळमध्ये एकाच कुटुंबातील नऊ जणांचा मृत्यू'.

हे सोमवारी खरं होतं, पुढच्या सोमवारीही खरं राहिलं असतं. खाली लिहायचं की चिठ्ठ्या सापडल्यात, पोलिसांना आत्महत्येचा संशय आहे, तपास चालू आहे. आमच्या वेळी एक म्हातारे वृत्तसंपादक होते, ते म्हणायचे, मेलेला माणूस खुलासा पाठवत नाही, म्हणून त्याच्या बातमीत क्रियापद जपून वापर. तेव्हा आम्ही त्यांना हसायचो.

आणि हो, बूमवाला, छापील पेपरांनीही त्या दिवशी 'आत्महत्या'च छापलं. तुम्ही एकटे नव्हता. फक्त आमचा अंक रद्दीत जातो, तुमचा व्हिडिओ तिथेच राहतो.

भडंग

बूमवाला, शीर्षक बदलायला किती वेळ लागतो? दोन मिनिटं? आत्ता बदला की लगा.

बूमवाला

बदललं. वर पट्टी टाकली, 'ही माहिती नंतर चुकीची ठरली'. व्हिडिओ ठेवलाय.

निळी_शाई

मला सगळ्यांनी एकच सूर लावलाय तो खटकतोय. जणू कमी लिहिलं, हळू लिहिलं, नावं गाळली की नीतिमत्ता झाली.

खैरलांजी आठवा. २९ सप्टेंबर २००६, भंडारा जिल्हा, एका दलित कुटुंबातल्या चौघांना गावाने मारलं. सुरुवातीला त्याचं वर्णन काय झालं? अनैतिक संबंधातून प्रकरण. तोच साचा, पान_लावणारा, तुमचा. मोठ्या वृत्तपत्रांनी त्याकडे नीट बघायला कित्येक आठवडे गेले, तेही लोक रस्त्यावर उतरले तेव्हा. तिथे संयम नव्हता, तिथे दुर्लक्ष होतं, आणि बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. जात गाळली की बातमी सभ्य होते, पण मग मारलं का, हेच गळून जातं.

तसंच 'दोन गटांत'. मिरजेत २००९ च्या गणेशोत्सवात कमानीवरच्या चित्रावरून पेटलं, सांगली, कोल्हापूर, इचलकरंजीपर्यंत गेलं. पेपरांत शेवटपर्यंत 'दोन गट'. तेव्हा त्याला अर्थ होता, आग पसरू नये म्हणून. २०२३ ला पुसेसावळीत इंटरनेट बंद करावं लागलं, एका तरुणाचा जीव गेला, आणि पेपर परत 'दोन गट'. पण तोवर मोबाइलवर नावगावासकट आणि वर मीठमसाला लावून सगळं फिरून झालेलं. मग पेपरच्या गप्प राहण्याने कोण वाचलं? अफवा खोटी आहे हे तरी ठणकावून छापा.

दुखावू नये म्हणून लिहायचं नाही, हे मला पटत नाही. कुणाला दुखावू नये म्हणून, ते आधी सांगा.

काळा_कोट

पटतंय. पण दंगलीत नावं देण्याच्या बाबतीत मी अजून जुन्या मताचा. मिरजेत तेव्हा संचारबंदीत अडकलेलो, एका खोट्या आकड्याने गल्ली कशी बाहेर पडते ते पाहिलंय.

उलट टोकाचं उदाहरण २६/११. वाहिन्या सगळं थेट दाखवत होत्या आणि हल्लेखोरांचे पलीकडचे सूत्रधार ते बघून सूचना देत होते. कसाब प्रकरणाच्या २०१२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने यावर कडक ताशेरे ओढले. २०१५ पासून नियमच झाला, दहशतवादविरोधी कारवाई चालू असताना थेट प्रक्षेपण नाही, नेमलेला अधिकारी सांगेल तेवढंच. तिथे 'लोकांना कळायला हवं' हा मुद्दा टिकत नाही.

मनमोकळे

मी साताऱ्यात समुपदेशक आहे. दोन गोष्टी.

आत्महत्येच्या बातमीबद्दल प्रेस कौन्सिलने २०१९ मध्ये स्पष्ट मार्गदर्शन दिलंय. बातमी ठळक नको, पद्धतीचं वर्णन नको, जागेचा तपशील नको, सनसनाटी शीर्षक नको, फोटो-व्हिडिओ नकोत. हे भावनेपोटी नाही. अशा बातम्यांनंतर अनुकरणाने मृत्यू वाढतात हे जगभर पाहिलं गेलंय. दहावी-बारावीच्या निकालानंतरचे आठवडे माझ्याकडे कसे असतात ते मला विचारा. बातमीखाली एक ओळ टाकायला काय जातं, टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६, मोफत, मराठीत बोलता येतं. काही पेपर टाकतात, बहुतेक विसरतात.

दुसरं दंडोबांसाठी. गावोगावच्या वार्ताहराला अपघात, खून, बुडालेली माणसं हे सगळं बघायला लावतात आणि त्याच्याशी कुणी त्याबद्दल बोलत नाही. पोलिसाला निदान बदली मिळते. २०१९ च्या महापुरात ब्रह्मनाळला बोट उलटली, सतरा जण गेले. तिथून बातमी देणारा एक मुलगा वर्षभर नदीच्या पुलावरून गाडी चालवू शकत नव्हता. तो माझ्याकडे 'झोप येत नाही' म्हणून आला होता. (ओळख पटेल असं सगळं बदललंय.) तुम्ही सावळजकडून वळसा घालत होता ना? तेच.

वाईकरीण म्हणतात ते बरोबर आहे, दारात जाऊन उभं राहू नका. दारात उभ्या माणसाला नाही म्हणता येत नाही, बावीस वर्षांपूर्वीही त्यांना म्हणता आलं नव्हतं. कुणातरी मधल्या माणसाकडून निरोप पाठवा. फोटो आहे, हवा असेल तर अमुक ठिकाणी ठेवतो, मला भेटायची गरज नाही, उत्तर नाही दिलं तरी चालेल. मग त्यांना ठरवू द्या.

वाईकरीण

हे चालेल. आणि माफी मागायची असेल तर ती पण त्यांनी विचारलं तरच. आमच्याकडे कुणी माफी मागायला आला असता, तर त्याची समजूत काढायलाच आम्हाला बसावं लागलं असतं.

कंदीपेढा

मघाचं माझं वाक्य मागे घेतो. काढता येत नाहीये, ॲडमिनना सांगितलंय.

निळी_शाई

दंडोबा, एक राहिलं. तुम्ही फोटोचंच विचारताय. त्या शीर्षकाचं काय?

दंडोबा

(साडेतीन आठवड्यांनी)

उशीर झाला. कुणी वाट बघत असेल तर क्षमस्व.

मनमोकळे म्हणाले तसं केलं. त्या गावचे एक निवृत्त गुरुजी ओळखीचे निघाले, त्यांच्याकडून निरोप धाडला. बारा दिवस काही नाही. मग अनोळखी नंबरवरून फोन. नात. आजी जाऊन आठ-नऊ वर्षं झाली. ती आता सव्वीस वर्षांची, सांगलीत एका मेडिकलमध्ये कामाला. म्हणाली, फोटो मीच न्यायला येते, आणि पेपरात काय आलं होतं ते असेल तर ते पण आणा.

घरी बोलावलं नाही. तिने सांगितलं तिथे गेलो, स्टँडजवळच्या एका हॉटेलात, दुपारी, गर्दीची वेळ टाळून. ती बोलायला सरळ आहे. फोटो हातात घेतला आणि आधी मागची बाजू वाचली. "सिं. कॉ. म्हणजे काय?" म्हटलं, सिंगल कॉलम, छापताना किती रुंद घ्यायचा ते. "आणि फक्त महिला?" म्हटलं, नवऱ्याचा चेहरा कापायचा होता. तिने फोटो उलटा केला, बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "आजीनं ती फ्रेम भिंतीवरनं काढली नाही. नुसतीच काच. मला लहानपणी वाटायचं आरसा आहे."

कात्रण अकरा ओळींचं. तिने दोनदा वाचलं. म्हणाली, "शाळेत पोरी म्हणायच्या, तुझ्या आईचं तसलं काहीतरी होतं म्हणून मारली. मला वाटायचं गावातनंच उठलं असंल. हे इथनं आलं होय." मग शीर्षकावर नाही, त्याच्या खालच्या ओळीवर बोट ठेवलं. "हे पहिलं वाक्य कुणाचं?"

पान_लावणारा, तुम्ही विचारलंत तेव्हा मी म्हणालो आठवत नाही. आठवत होतं. ठाण्यात जमादार बोलला ते मी उभ्या उभ्या वहीत उतरवलं, आणि जमादाराला ते आरोपीने सांगितलेलं. तिच्या माहेरी मी तासभर होतो. तिथे फोटो मागितला, एवढंच. ती कशी होती, त्या घरात काय चाललं होतं, हे त्या माउलीला एका शब्दाने विचारलं नाही.

मी म्हणालो, माझं.

ती काही बोलली नाही. कात्रणाचा मोबाइलवर फोटो काढून घेतला आणि कात्रण माझ्याकडे सरकवलं. लग्नातला फोटो रुमालात गुंडाळून पिशवीत ठेवला. चहाचे पैसे तिने दिले. मी पाकीट काढलं होतं, तर म्हणाली, असू दे.